बाटलीतला विषाणू

१४ एप्रिल, दाबोवित्सा

बोलून बसले. आता माघार नाही.

सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. वन खात्याचा इंजिनियर त्सोन्कोव भिंतीवर नकाशा लावून कंटाळा येईपर्यंत बोलला. गेल्या वर्षी सुरवंटांनी ओकाचं रान कसं बोडकं केलं, या वर्षी खोडांवर अंड्यांचे किती पुंजके आहेत, आणि म्हणून मेअखेरीस विमानातून विष फवारणार. मधपाळांनी तेवढ्यात आपापल्या पेट्या दुसरीकडे हलवाव्यात. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते नकाशावर नव्हतं. ओकाचा काळा मध या डोंगरांत होतो तसा कुठे होत नाही, हे या गृहस्थाला ठाऊक नाही म्हणावं, तर दर नाताळात माझ्या भावाकडून बरण्या घेऊन जाणारा हाच.

भाऊ, म्हणजे माझा धाकटा मिंचो, पुढच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. अख्खं गाव होतं आणि सगळ्यांच्या माना खाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उभी राहिले.

"विमान कशाला पाहिजे? याच सुरवंटांना मारणारा विषाणू माझ्या प्रयोगशाळेत आहे. दुसऱ्या कशाला तो शिवत नाही, ना माशीला ना माणसाला. माझ्या गुरू कोएवाबाईंनी याच रानातून तो आणला, त्या गेल्यावर मी सांभाळला. द्या मला फवारायला!"

शेजारी आमच्या संस्थेचे संचालक प्रोफेसर दोचेव बसले होते. ते खोकत खोकत माझा कोट ओढत होते. मी हात झटकला.

"आणि नाही मेले तर, डॉक्टर नेद्याल्का?" त्सोन्कोवने विचारलं.

"तर आणा तुमचं विमान!"

ठरलं ते असं. गावाच्या वरचा एक उतार माझा. मेअखेर समिती येणार. सुरवंट मेलेले दिसले तर सगळ्या रानावरचं विमान रद्द. नाही दिसले तर मी रद्द.

बाहेर आल्यावर मिंचो म्हणाला, "ताई, तुझ्या डोक्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. मला भीती वाटते ती तुझ्या तोंडाची."

१७ एप्रिल, बुर्गास

आज लॅबमधल्या मोठ्या टाकीत वाढवलेल्या सुरवंटाच्या पेशींना विषाणू दिला. काम सुरळीत. डोकं मात्र फिरवलं ते इस्क्राने.

इस्क्रा तोपालोवा माझी विद्यार्थिनी. पीएचडी संपत आली. हुशार आहे, पण हुशारी अशी दर मिनिटाला दाखवायची नसते. सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता तिने विचारलं, "मॅडम, ही कितवी फेरी?"

"कितवी म्हणजे?"

"म्हणजे सुरवंटातून काढल्यावर, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, असं किती वेळा झालं?"

मी काय भिंतीवर रेघा मारत बसले होते? जुन्या बाटलीतले चार थेंब ताज्या पेशींच्या नव्या बाटलीत, ती भरली की पुढची. हिच्या जन्माच्या आधीपासून चाललंय. जुना फ्रीझर बंद पडला त्या उन्हाळ्यातही मी हा मरू दिला नाही. तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं.

सुरवंटांची खोली दोचेवनी खर्च वाचवायला बंद केली तेव्हा मी सहीसुद्धा आनंदाने केली. घाण वास, पानांची ओझी, आणि त्यांचे केस लागले की आठवडाभर खाज. सुरवंट पाळणं म्हणजे गुरं राखणं. पेशी कशा शिस्तीच्या असतात. दिलेलं खातात, दिलेल्या जागेत राहतात.

"विषाणूचे स्फटिक फार कमी दिसतायत," इस्क्रा म्हणाली.

"चष्मा बदल."

तरी खात्री म्हणून मी स्वतः डीएनए काढून जेलवर चालवला, म्हणजे लांबीप्रमाणे तुकडे वेगळे होऊन पट्टे दिसतात. पट्टा असा लखलखला की फोटो काढताना प्रकाश कमी करावा लागला. पेशी विषाणूच्या डीएनएने ठासून भरल्या आहेत. पूर्वी कधी एवढा निघत नव्हता. मी फोटो तिच्या टेबलावर ठेवला. ती बराच वेळ बघत बसली, पण तोंडातून चकार शब्द नाही. चूक कबूल करायला जीभ जड होते एकेकाची.

सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सला चालली आहे. तिकडे तिला जागा मिळाली. शिकवा, पोसा, आणि पंख फुटले की यांची पाठ बघा.

२३ एप्रिल

मिंचोचा फोन. गावातले बाकीचे मधपाळ उत्तरेला दोब्रुजात, सूर्यफुलांच्या शेतांकडे, पेट्यांसाठी जागा धरून ठेवतायत. त्याने धरलेली नाही. "ताई आहे ना," असं सगळ्यांना सांगतो म्हणे.

"पण तुझा तो विषाणू करतो काय, एवढं तरी मला सांग. लोक विचारतात, मी नुसती मान हलवतो."

मग सांगितलं. सुरवंट पान खातो. पानावर विषाणूचे डबे असतात, प्रथिनाचे स्फटिक. पोटात डबा विरघळतो, आतला विषाणू मोकळा होतो, पेशीत शिरतो आणि थेट तिच्या केंद्रकात जाऊन बसतो. तिथे आधी स्वतःची हत्यारं बनवून घेतो. डीएनएची पिळलेली जोडी सोडवणारं एक, नवा दोरा विणणारं एक. पेशीचं स्वतःचं काम बंद पडतं. मग त्याचा गोल डीएनए रिळासारखा उलगडत जातो, एका प्रतीला जोडून दुसरी, तिला जोडून तिसरी, लांबच लांब. मग तुकडे पाडायचे आणि एकेक प्रत खोळीत घालायची. पहिल्या प्रती शेजारच्या पेशींकडे पळतात. नंतरच्या तिथेच थांबतात आणि डब्यात बंद होतात. शेवटी सुरवंट झाडाच्या शेंड्याकडे चढतो, उलटा लटकतो, आतून पाणी पाणी होऊन फुटतो. डबे खालच्या पानांवर सांडतात. पुढचा येतो आणि ते पान खातो.

"म्हणजे आमच्या नगरपालिकेसारखंच की," मिंचो म्हणाला. "एक साहेब आत शिरला की बाकी कामं बंद, सगळे त्याच्याच कागदाच्या प्रती काढतायत."

हसू आलं. अलीकडे येत नाही.

"पण डबा कशाला लागतो?"

"उन्हापावसात टिकायला. डब्याशिवाय पानावर पडला तर संपलाच."

"तुझ्या बाटलीत कुठे ऊन-पाऊस असतो?"

"नसतो. म्हणून तर तिथे मजेत आहे."

२९ एप्रिल

इस्क्रा पुन्हा उशिरा. मानेवर आणि मनगटांवर लाल चट्टे, नखांत हिरवा मळ, आणि पिशवीतून ओकाच्या फांद्या बाहेर आलेल्या. दर दोन दिवसांनी बस धरून रानात जाते म्हणे. "हवा बदलायला." वन खात्यातला कोणीतरी दाढीवाला गाठलेला असणार. वयच आहे, माझं म्हणणं नाही. पण फवारणीच्या तोंडावर?

वर आज म्हणते, "मॅडम, टाकीतला थोडा विषाणू मिळेल? सरावासाठी."

दिला. तोंडावर फेकल्यासारखा दिला. तिने धन्यवाद म्हटलं. अशाने आणखी चीड येते.

३ मे, दाबोवित्सा

फवारणी झाली. वन खात्याने पाठीवर पंप लावलेली माणसं पाठवली, आणि ती भर दुपारी बारा वाजता कामाला लागली! उन्हात विषाणू करपतो हे मी फोनवर सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं, आता उतारावर उभी राहून ओरडून सांगितलं. मुकादम म्हणतो, "बाई, आमची जेवणाची सुट्टी हुकते." मी त्याच्या पंपाची नळी धरूनच उभी राहिले. ऊन कलल्यावर पुन्हा सुरू झालं. स्फटिक इस्क्राला थोडे वाटत होते, म्हणून मी औषध ठरल्यापेक्षा दाट केलं होतं. पिल्लं अजून बारकी आहेत, काळ्या दोऱ्यांसारखी. मारायला हेच वय योग्य.

इस्क्रा आली नाही. "घरी काम आहे."

६ मे, दाबोवित्सा

सेंट जॉर्जचा सण. मिंचोच्या अंगणात कोकरू भाजलं, वहिनीने चीज भरून बानित्सा भाजली, अर्धं गाव जेवायला. मिंचोने घरी गाळलेल्या राकियाचा पेला उचलला आणि बाकावर चढून ओरडला, "माझ्या ताईच्या रोगाला! दणकून पसरू दे!" सगळे हसले, सगळे प्याले. एका म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. त्यानेही आता दोब्रुजातली जागा सोडून दिली आहे. मिंचोच्या शब्दावर.



१५ मे, दाबोवित्सा

सुरवंट करंगळीएवढे झालेत. खातायत. उतारावर शांत उभं राहिलं तर खाण्याचा आवाज येतो, कागद कुरतडल्यासारखा. एकही लटकलेला नाही. एकही!

कारणं मला माहीत आहेत. सुरुवातीच्या पंपांनी उन्हात फवारलं. सात तारखेला पाऊस झाला. आणि टाकीतलं औषध गावात आणणारा ड्रायव्हर दोचेवचा माणूस आहे. दोचेवना सभेपासून माझं हे काम नकोच होतं. ड्रम उन्हात ठेवायला त्याला कोणी सांगितलं, हे मी शोधून काढणार आहे.

१८ मे

अजून नाही. मिंचोचा फोन आला, उचलला नाही.

१९ मे, बुर्गास

रागाने लिहिते आहे. दुसरं काही समजू नये.

इस्क्रा सकाळी म्हणाली, "मॅडम, माझ्या घरी चला. आत्ता."

"तुझ्या घरी माझं काय काम?"

"चला म्हणतेय ना!" माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

तिचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाथरूमचं दार उघडलं तर तो वास. कित्येक वर्षांनी नाकात गेला. टबमध्ये, वॉशिंग मशीनवर, खिडकीत, सगळीकडे प्लास्टिकचे डबे, ओकाची पानं आणि सुरवंट. म्हणजे दाढीवाला वगैरे कोणी नव्हता. अंगावरचे चट्टे यांच्या केसांचे.

"डावीकडचे डबे बघा. यांना पानांवर तुमच्या टाकीतला विषाणू लावून दिला. तुमच्या उताराला दिलात त्याहून दाट." डावीकडचे सगळे जिवंत, टमटमीत. "आता उजवीकडचे. दरीपलीकडे जुन्या ओकांच्या सालीवर गेल्या वर्षीचे मेलेले सुरवंट चिकटलेले होते. ते खरवडून, पाण्यात कालवून यांना दिले."

उजवीकडचे डब्याच्या झाकणाला उलटे लटकले होते, काळे, ओघळलेले. कोएवाबाईंच्या खोलीत लटकायचे तसेच.

"मॅडम, रानातला विषाणू ठीक आहे. सुरवंट ठीक आहेत. तुमचा विषाणू मारायचं विसरलाय."

"विसरलाय? जेल बघितलंस ना तू? एवढा डीएनए..."

"तो डीएनए मी एन्झाइमने कापून बघितला. लखलखतोय तो पट्टा म्हणजे विषाणू नाहीच. एक छोटा तुकडा आहे. नक्कल जिथून सुरू होते ना, ती जागा. तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच, जोडून जोडून. त्यात डबा बनवायची माहिती नाही, हत्यारं नाहीत, काही नाही. शेजारच्या धडक्या विषाणूंची हत्यारं वापरायची आणि आपल्याच प्रती काढत सुटायचं, एवढंच त्याला येतं. आणि जे धडके दिसतात, त्यांतल्या बहुतेकांनी डबा बांधणं सोडलंय."

"कशाने?"

"बाटलीने! बाटलीत डबा लागतो कोणाला? या पेशीतून निघून त्या पेशीत शिरायचं, बस. जो डबा बांधत बसला तो मागे राहिला. ज्याने ओझं टाकलं तो आधी पोचला. आणि तुम्ही दर वेळी आधी पोचलेल्यांनाच उचलून नव्या बाटलीत घालत गेलात. मध्ये एकदा तरी सुरवंटाला खायला घातला असता, तर कळलं असतं."

"म्हणजे हे तू एप्रिलपासून..."

"एप्रिलमध्ये नुसता संशय होता. नुसता संशय घेऊन तुमच्यासमोर कोण येणार? तुम्ही चष्मा बदलायला सांगता."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नेदरलँड्सला जाऊन हेच सांगणार ना, म्हातारीचा विषाणू सडला म्हणून, असंही म्हणाले. ती म्हणाली, "कोणालाही सांगितलेलं नाही. दोचेवसरांनी दोनदा विचारलं, तरी नाही." म्हणजे दोचेवशी बोलणी चालली होती! मी म्हटलं, उद्यापासून लॅबमध्ये पाऊल ठेवू नकोस.

"ठीक आहे," ती म्हणाली. डोळे भरले होते पण आवाज नीट होता. "तसंही यांना पानं आणायची असतात."

दार आपटून निघून आले.

२० मे

डीएनए मीच पुन्हा काढला. मीच कापला. मीच चालवला. नवा एन्झाइम, नवं जेल, दार आतून बंद.

एकच लखलखीत पट्टा, जिथे तो नसायला हवा तिथे: इस्क्राचा तो छोटा तुकडा.

पेशी शाबूत आहेत, इन्क्युबेटर शाबूत आहे, मुकादम, पाऊस, ड्रायव्हर सगळे निर्दोष. ओरडायला कोणी उरलेलं नाही. दुपारी उगाच सफाईवाल्या बाईवर ओरडले. ती म्हणाली, "माझं काय चुकलं?" काही नाही. काहीही चुकलं नाही तिचं.

पोरीने त्या चट्ट्यांवर निदान मलम तरी लावायला हवं होतं. लांब बाह्यांचं घालायची अक्कल नाही.

२४ मे

दोचेवनी कॉफीला बोलावलं. चॉकलेटं समोर ठेवली. माणूस गोड बोलतो तेव्हा मला हिशेब लावता येत नाही.

"नेद्याल्का, उतार मी बघून आलो. वाईट वाटलं. पण यातून मार्ग आहे." एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलेलं असं, की या रानातल्या सुरवंटांमध्ये या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झालेली आढळते. "तुझा दोष नाही, विषाणूचा नाही, कोणाचाच नाही. निसर्ग आहे. लेख छापून येईल. प्रतिकारशक्तीवर पुढची पाच वर्षं काम मिळेल, लॅब तुझीच राहील. विमान तर असंही येणारच."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी काय?"

"सुरवंटांना विषाणू लागत नाही असं एकदा नोंदवलं, की या रानात तो पुन्हा कोण फवारू देईल? दर वेळी विमानच."

"अगं, तू रिटायर होशील तोवर," ते हसून म्हणाले.

खरं लिहायचं तर पेन हातात घेतलं होतं. क्षणभर वगैरे नाही, कॉफी संपेपर्यंत. लॅब म्हणजे माझ्याकडे दुसरं आहे काय? मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. लहान मुलीला थोपटतात तसं. मी पेन खाली ठेवलं आणि चॉकलेटं उचलून घेऊन आले. सगळी.

२७ मे, दाबोवित्सा

समिती. तोच हॉल, तोच नकाशा. दोचेवनी माझी सही नसलेला तोच कागद वाचायला घेतला. "प्रतिकारशक्ती" या शब्दापर्यंत आले आणि मी उठले.

"खोटं आहे हे. सुरवंट होते तसेच आहेत. बिघडलाय तो माझा विषाणू. वर्षानुवर्षं बाटलीत वाढवला, एकदाही सुरवंटावर तपासला नाही, आणि तो इथे आणून फवारला. दरीपलीकडच्या झाडांवर रानातला विषाणू आहे आणि तो मारतो. माझी विद्यार्थिनी इस्क्रा तोपालोवा हिने ते सिद्ध केलंय, माझ्या मनाविरुद्ध. असं लिहा. तिचं नाव घाला."

त्सोन्कोवने विचारलं, "म्हणजे यंदा तुमच्याकडे काहीच नाही?"

"यंदा नाही."

"मग विमान."

"मग विमान. पण कागदावर सुरवंटांचा नाही, माझा दोष लिहायचा. पुढच्या वर्षी मला परत यायचंय."

दोचेव म्हणाले, पुढच्या वर्षी कोणत्या लॅबमधून ते बघू. सगळ्यांच्या देखत. मी म्हटलं, बघा.

मिंचो उठला. टोपी घातली. माझ्यापुढून गेला, माझ्याकडे न बघता. मागोमाग तो सणाच्या दिवशी हात धरणारा म्हातारा. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. नुसते निघून गेले.

२८ मे, दाबोवित्सा

विमान परवा सकाळी. म्हणजे हातात उद्याचा दिवस, आणि कामं दोन.

एक, पेट्या. माश्या आत असतात तेव्हा, उजाडायच्या आत दारं बंद करून ट्रकवर चढवायच्या. दोब्रुजात आता जागा मिळत नाही. कोणाच्या तरी ओळखीने एक पडीक शेत मिळालंय, लहान आहे. मिंचोच्या दोन्ही मुली जर्मनीत, वहिनीची कंबर धरलेली. माणसं नाहीत.

दुसरं, दरीपलीकडचे लटकलेले सुरवंट. आत्ताच लटकायला लागलेत. विष पडलं की मेलेले, मरणारे सगळे एकदम खाली, चिखलात. या रानाचा खरा विषाणू ताजा, भरपूर गोळा करायचा तर उद्याच. हे मी कोणाला करू दिलेलं नाही. कोएवाबाईंनी बरणी माझ्या हातात दिली होती आणि मी कोणाच्याच हातात देणार नव्हते.

दुपारभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. मिंचो खिडकीतून बघत होता. बाहेर आला नाही.

मग फोन लावला. इस्क्राने उचलला.

"मॅडम, शिव्या देणार असाल तर आत्ताच देऊन टाका," ती म्हणाली. "रानात नेटवर्क नसतं."

"उद्या एकटीने जमेल?"

"तुम्ही नाही येणार?"

"मला पेट्या उचलायच्या आहेत. बरण्या लॅबमध्ये माझ्या कपाटात आहेत, किल्ली वॉचमनकडून घे. शेंड्यांकडचे घे, फुटायच्या आतले. अर्धे थेट गोठव. ते कोणत्याही पेशींना दाखवायचे नाहीत. मलासुद्धा द्यायचे नाहीत. अर्धे तू सुरवंटांना घाल आणि वाढव. बरण्यांवर नाव तुझं."

"मॅडम..."

"आणि लांब बाह्यांचं घाल, मूर्ख मुली."

ठेवून दिला. तिला रडायला वेळ नको.

३० मे, दाबोवित्सा

काल पहाटे मिंचोच्या पेट्यांची दारं मी जाळीने बंद केली. तो एका बाजूने, मी दुसऱ्या. मनगटावर आणि कानाच्या मागे माश्या चावल्या, मी ओरडले नाही, त्यानेही विचारलं नाही. ट्रक भरला. शेत लहान, ट्रक लहान, म्हाताऱ्याच्याही पेट्या घ्यायला हव्या होत्या. त्या मिंचोनेच आधी चढवल्या. म्हणून त्याच्या स्वतःच्या शेवटच्या दोन रांगा राहिल्या. त्यांच्यावर ओली पोती टाकली, दारं बंद केली.

आज विमान आलं. अगदी खाली उतरून गेलं. मी अंगणात उभी राहून त्याला जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. घसा बसला.

८ जून, दाबोवित्सा

इस्क्राच्या बरण्या फ्रीझरमध्ये आहेत. तिचे सुरवंट मरतायत, छान मरतायत. तिने नेदरलँड्सवाल्यांना जानेवारीपर्यंत थांबायला सांगितलंय. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नको म्हणाले असते. दोचेवनी मला एक खोली ठेवली आहे, जुनी सुरवंटांची. शिक्षा म्हणून.

आज मिंचोकडे गेले. मागे राहिलेल्या रांगांपुढे तो झाडत होता. पोती टाकून काही होत नाही. पोत्यांखाली उकडतं, दारं उघडावीच लागतात, आणि बाहेर सगळीकडे ते विष. पेट्यांच्या फळ्यांवर, गवतावर मेलेल्या माश्यांचा थर. तो केरसुणीने हळू ओढत होता, धान्य गोळा करावं तसा. मी दुसरी केरसुणी घेतली. बराच वेळ आम्ही झाडलं.

"त्या दिवशी तू कागदावर सही केली असतीस," तो म्हणाला, मान वर न करता, "तर विमान आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग माश्या मेल्याच असत्या."

"मेल्याच असत्या. आणि पुढच्या वर्षीही मेल्या असत्या."

"सगळ्या गावापुढे मला तोंडघशी पाडलंस, ताई."

"हो."

"म्हाताऱ्याला मी सांगितलं होतं, जागा सोड म्हणून. मी!"

"माहीत आहे रे मला! काय करू? पाया पडू?"

"ओरडू नकोस!" तो माझ्याहून मोठ्याने ओरडला. वहिनी दारात आली आणि परत आत गेली. त्याने माश्यांचा ढीग पत्र्यावर घेतला, कुंपणापाशी खणलेल्या खड्ड्यात ओतला, वर माती ओढली आणि केरसुणीवर टेकून उभा राहिला. डोळे लाल होते. माझेही असतील.

"फवारायला माणसं किती लागतील?"

"कशाला?"

"पुढच्या मेमध्ये. आत्ताच सांग. नंतर कोणी मिळत नाही."

"सहा," मी म्हणाले. "आणि भर उन्हात फवारणारा एकही गाढव नको."

"ते मी बघतो," मिंचो म्हणाला. "तू फक्त आधी एका सुरवंटाला खायला घालून ये."